टाकीचा श्वास

जुन्या पिकअपची पेट्रोलची टाकी झिरपायला लागली की मालकाला आधी पत्र्याची काळजी वाटते. डाग मारून भागेल की नवीच बनवून घ्यावी, पत्रा किती जाडीचा घ्यावा, खर्च किती येईल. हे प्रश्न रास्त आहेत, पण ते सोपेही आहेत. पत्रा कापणारे, वाकवणारे आणि जोडणारे चांगले कारागीर आपल्याकडे भरपूर आहेत. नव्या टाक्या फसतात त्या पत्र्यामुळे नव्हे, हवेमुळे. टाकीत पेट्रोल कमी-जास्त होत असतं आणि त्याने सोडलेली प्रत्येक जागा हवा घेते. गंज हवेच्या बाजूने येतो, स्फोट हवेच्या बाजूने होतो आणि चालती गाडी मध्येच बंद पडते तीही बऱ्याचदा हवा अडल्यामुळेच. म्हणून या प्रकरणात पत्र्याला जेवढी जागा दिली आहे, त्याहून जास्त हवेला दिली आहे.

तळवली हे गाव या कामासाठी बरं उदाहरण आहे. घणसोली आणि रबाळे यांच्यामधलं हे गावठाण. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे एमआयडीसीचा टीटीसी औद्योगिक पट्टा. खाडीमुळे हवेत मीठ आणि दमटपणा, म्हणजे टाकी सडवण्याची सोय घरबसल्या. उपायही तेवढाच जवळ, कारण रासायनिक कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलची भांडी, नळ्या आणि टाक्या बनवणारे आर्गन वेल्डर याच पट्ट्यात आहेत. पावसाळ्यात इथे पत्र्याचं काय होतं हे गावठाणातल्या कुठल्याही घराच्या लोखंडी जिन्याला विचारावं.

अशा गाड्या आल्या कुठून, तर मुख्यतः खाडीपलीकडून. जनरल मोटर्सने शिवडीला जोडणी कारखाना काढला आणि डिसेंबर १९२८ मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे १९५४ पर्यंत शेव्हरोले मोटारी आणि ट्रक तिथे जोडले जात होते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलीज जीप जोडायला घेतली. यांतल्या कितीतरी गाड्यांचा मागचा भाग इथल्या सुतार-लोहारांनीच रचला. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन पिकअपचे हौदे सारखे मिळतील याची खात्री नाही, आणि परदेशातून मागवलेली ‘तयार’ टाकी आपल्या हौद्याखाली नेमकी बसेल याची त्याहून नाही.

टाकी कुठे असायची ते पाहिलं की आजचा माणूस दचकतो. जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखाली होती. साधारण चाळीस लिटर पेट्रोलवर बसून माणसं घाट चढत होती. शेव्हरोले पिकअपमध्ये १९४९ च्या मॉडेलपासून टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी केली गेली आणि पुढची दोन दशकं कंपनीने ती तिथेच ठेवली. चासीच्या खाली चिखल-दगडांचा मार नाही, नळी आखूड, शिवाय हौदा मोकळा, हे त्यातले फायदे. तोटा केबिनमध्ये बसल्याबरोबर नाकाला कळतो. झाकणाचं गॅसकेट सुकलं, पेट्रोलच्या काट्यासाठी टाकीवर बसवलेल्या चकतीखालचं रबर चिरलं, की वाफ थेट माणसांत येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असते. ती वर उडून जात नाही, पायाशी साचते, आणि बॅटरीची तार किंवा विडीचं थोटूकही त्याच पातळीवर सापडतं.

आता गंजाबद्दल. पावसाळ्यात अर्धवट टाकी रात्री थंड होते, बाहेरची ओली हवा आत ओढते, त्यातलं पाणी आत निथळतं आणि टाकी सडते, असं सगळे सांगतात. हिशोब करून पाहण्यासारखा आहे. टाकीत पन्नास लिटर हवा आहे असं धरा. दिवस-रात्रीत तापमान आठ अंशांनी बदललं, तर ती हवा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फुगते-आकसते, म्हणजे सव्वा ते दीड लिटर हवा आत-बाहेर होते. तीस अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला पंचवीस-सव्वीस ग्रॅम बाष्प असतं. मग एका रात्रीत आत येणारं पाणी भरतं फार तर ३५ मिलिग्रॅम. सगळंच आत राहिलं असं मानलं, तरी चार महिन्यांत चारेक ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही.

तर मग तळाशी वाटीभर पाणी सापडतं ते कुठून येतं? बहुतेक वेळा झाकणातून. तोंडाभोवतीच्या खळग्यात पाऊस साचतो आणि सुकलेल्या गॅसकेटमधून आत उतरतो. गाडीवर ताडपत्री नसेल तर एका मोठ्या सरीत जे पाणी आत जातं, ते दमट हवेला कित्येक वर्षांत जमत नाही. पण त्या चमचाभर पाण्यालाही हलकं समजू नये. ते पसरत नाही, तळाच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात बसून राहतं आणि तिथलाच पत्रा खातं. जुन्या टाक्या नेमक्या तिथेच फुटतात.

यात इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच नेहमीचं झालं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. काही मर्यादेपर्यंत हे चांगलंच, कारण पाणी विरघळून इंजिनातून निघून जातं. दहा टक्क्यांच्या मिश्रणात पंधरा अंशांना साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, वीस टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून सुटून तळाशी जातात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाच्या वाट्याला आधी तोच थर येतो. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंक आणि गाळ सोडवतं, आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर आतून शिसं आणि कथलाचा मुलामा असायचा. त्याला हे मिश्रण मानवत नाही, जस्ताला तर अजिबात नाही. म्हणून ‘जीआय पत्र्याची करून देतो, गंजायची चिंताच नको’ असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून पुढे जावं. नळ्यांचंही तेच. साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. इथेनॉल सोसणारा होज मागून घ्यावा, आणि तो महाग असतो हे धरूनच चालावं.

नवी टाकी बसवायची तर जुनी काढावी लागते, आणि या कामात माणसं मरतात ती याच टप्प्यावर. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. भरलेल्या टाकीत वाफ एवढी दाट असते की आत हवा पुरत नाही. ‘रिकामी’ टाकी मात्र नेमकी या पट्ट्यात येऊ शकते. पंचाहत्तर लिटरच्या टाकीत सहाएक मिलिलिटर पेट्रोल उरलं, तरी त्याची वाफ खालच्या मर्यादेपर्यंत पोचते. एवढं पेट्रोल तर पत्र्याच्या घडीत आणि गाळातच अडकून राहतं. टाकी महिनाभर उघडी ठेवली होती, वास येत नाही, या गोष्टींवर भरवसा ठेवता येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने गाळातून नवी वाफ सुटते. जुन्या टाकीला डाग मारायचाच असेल, तर ती साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पाण्याची वाफ आत सोडून, पाण्याने भरून, फक्त कामापुरती जागा रिकामी ठेवणाऱ्या माणसाकडेच द्यावी. अशी माणसं रेडिएटर आणि टाकी दुरुस्तीच्या दुकानांत असतात. नाक्यावरच्या ग्रील बनवणाऱ्याला हे काम देऊ नये, तो कितीही ओळखीचा असला तरी.

पेट्रोल उपसतानाही गाडी उघड्यावर हवी, बॅटरीची तार सुटलेली हवी आणि पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत नव्हे, झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये गेलेलं हवं.

नवी टाकी बसवायची कुठे? अमेरिकेत जुन्या पिकअपवाल्यांची रीत ठरलेली आहे. केबिनमधली टाकी काढायची आणि हौद्याखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये नवी अडकवायची. त्यासाठीच्या तयार टाक्या तिथे विकत मिळतात. ही जागा निवडावी हेच माझंही मत, पण ‘मागे म्हणजे सुरक्षित’ इतकं सोपं ते नाही. फोर्डच्या पिंटो मोटारीची टाकीही अ‍ॅक्सलच्या मागेच होती. मागून धडक बसली की ती डिफरन्शियलवरच्या बोल्टांवर आपटून फुटायची, आणि १९७८ मध्ये कंपनीला पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसरीकडे जनरल मोटर्सने १९७३ पासूनच्या पिकअपमध्ये टाक्या चासीच्या पट्ट्यांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना लावल्या. बाजूच्या धडकेत त्या पेटतात म्हणून वर्षानुवर्षं खटले चालले, आणि १९९४ च्या शेवटी सरकारशी तडजोड करून कंपनीने सुरक्षेच्या कामांसाठी पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम मान्य केली. या दोन्ही प्रकरणांतून घ्यायचं ते एवढंच: टाकीच्या चारही बाजूंना टाकीपेक्षा कडक असं काहीतरी हवं, आणि तिच्यावर रोखलेलं टोकदार असं काहीही नको. मागचा बंपर आणि टाकी यांच्यात आडवी पट्टी हवी. अ‍ॅक्सल वर उचलला जातो तेव्हाही त्याच्यात आणि टाकीत हातभर नाही तरी वीतभर अंतर उरलं पाहिजे. सायलेन्सरची नळी जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा.

धातूचं लवकर उरकतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण खाडीच्या हवेत लोखंडी पट्ट्याला टेकलं की तिथून झिजायला लागतं. रंगवलेला साधा पत्रा बाहेरून टिकतो, आतून नाही. प्लास्टिकच्या टाक्या उत्तम असतात, पण त्या साच्यातून येतात, एकटी-दुकटी कोणी करून देत नाही. तळवलीच्या माणसाने टीटीसीतल्या कारागिराकडून ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, दीड मिलिमीटर जाडीची टाकी करून घ्यावी. जोड आर्गनने, आणि तेही कोपऱ्यावर नव्हे, पत्रा वाकवून सपाट भागावर आणलेले.

आत आडवे पत्रे हवेतच. पंचाहत्तर लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ५५ किलो वजन, आणि महापेच्या सिग्नलला ब्रेक मारला की ते सगळं पुढे धावतं. आडव्या पत्र्यांना खालच्या कोपऱ्यांत पेट्रोलसाठी कट असतात. वरच्या कोपऱ्यांतही हवे असतात, नाहीतर भरताना प्रत्येक कप्प्यात हवा कोंडते. नकाशात वरचे कट दाखवले नसतील तर वेल्डर ते स्वतःहून ठेवणार नाही, आणि एकदा टाकी बंद झाली की ते करता येत नाहीत.

बसवताना पुष्कळ जण ताकदीच्या नावाखाली चूक करतात. चार कोपऱ्यांना चार बोल्ट घट्ट आवळले की काम पक्कं झालं असं वाटतं. पण जुन्या पिकअपची चासी शिडीसारखी असते आणि खड्ड्यात एक चाक गेलं की पिळते. टाकीला तो पीळ सोसत नाही, मग जोडाशेजारी तडा जातो. त्यापेक्षा दोन पट्ट्यांत टाकी झोळून घ्यावी आणि पट्ट्याखाली रबराची पट्टी द्यावी. कॅनव्हास किंवा नमदा नको, ते पाणी धरून ठेवतात.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहिलं त्याकडे येतो. जुन्या गाडीत हवा आत यायला झाकणालाच बारीक भोक असे. ते भोक रंगाने किंवा चिखलाने बुजलं, किंवा मालकाने चांगलं दिसतं म्हणून बंद झाकण आणून बसवलं, की पंप पेट्रोल ओढत राहतो, आत हवा येत नाही आणि थोड्याच वेळात इंजिन गुदमरतं. मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलतो. तोवर हवा कशीबशी आत शिरलेली असते, गाडी सुरू होते आणि श्रेय कार्ब्युरेटरच्या सफाईला जातं. कार्ब्युरेटर साफ करण्याची निम्मी बिलं अशीच होत असावीत असा मला दाट संशय आहे. झाकण फिरवताना ‘फुस्स’ आवाज होतो का हे आधी पाहावं.

नव्या टाकीत झाकण बंदच असावं आणि हवेची नळी वेगळी काढावी. ती टाकीच्या सगळ्यात उंच ठिकाणाहून निघावी, चासीच्याही वर एक वळसा घेऊन मग खाली यावी. तिच्यात गाडी उलटली तर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असावा. टोकाला आजच्या मोटारींत असतो तसा कोळशाचा डबा लावला तर वाफही वाया जात नाही आणि वासही येत नाही. चढावर उभ्या गाडीत कोणता कोपरा उंच होतो याचा विचार करून दोन टोकांना दोन तोंडं ठेवली तर आणखी चांगलं.

टाकी काठोकाठ भरूच शकणार नाही अशीही व्यवस्था हवी. पंपाच्या भूमिगत टाकीतलं पेट्रोल थंड असतं. ते मे महिन्याच्या दुपारी गाडीत वीस अंशांनी तापलं, तर पंचाहत्तर लिटरचं जवळपास दीड लिटर वाढतं. म्हणून भरण्याची नळी टाकीत थोडी खालपर्यंत उतरवतात, म्हणजे वर पाच-दहा टक्के हवा राहतेच. आणि भरताना बाहेर पडणाऱ्या हवेलाही वाट लागते. पंपाच्या नॉझलच्या टोकाला एक छोटं भोक असतं. ते पेट्रोलने झाकलं गेलं की नॉझल आपोआप बंद होतं. हवेची वाट अरुंद असेल तर पेट्रोल नळीत उलटं चढतं, नॉझल दर दोन लिटरला ‘टक’ करून थांबतं आणि मागची रांग हॉर्न वाजवू लागते. भरण्याच्या नळीच्या जोडीने बोटभर जाडीची एक परतीची नळी दिली की हा त्रास संपतो.

गळतीची चाचणी कॉम्प्रेसरने करू नका. साठ बाय ऐंशी सेंटिमीटरच्या सपाट बाजूवर फक्त ०.२ बार दाब दिला तरी त्या बाजूवर टनभर जोर येतो. टायरच्या हवेचा दाब त्याच्या दसपट असतो, आणि तेवढ्यात टाकी ढोलासारखी फुगून जोड उघडतील. टाकीची सगळी तोंडं बंद करावीत, एका तोंडाला पारदर्शक नळी जोडावी, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरावं आणि दुसऱ्या तोंडातून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरावी. पाण्याच्या दोन पातळ्यांत मीटरभर फरक पडला की ०.१ बार झाला. तेवढा पुरे. मग जोडांवर साबणाचं पाणी फिरवावं आणि नळीतली पातळी सावलीत अर्धा तास जागेवर राहते का ते पाहावं. उन्हात ठेवलीत तर आतली हवा तापून पातळी फसवेल.

काट्याचा प्रश्न वेगळाच. टाकीतला फ्लोट एक रोध कमी-जास्त करतो आणि डॅशबोर्डचा काटा तो वाचतो. जनरल मोटर्सच्या १९६५ पूर्वीच्या गाड्यांत हा रोध रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ३० ओहम असे, नंतर ० ते ९० झाला. फोर्डमध्ये उलटं, रिकामीला ७३ आणि भरलेलीला १०. जुन्या शेव्हरोलेच्या काट्याला नव्या धाटणीचा फ्लोट जोडला तर टाकी एक तृतीयांश असतानाच काटा ‘फुल’ दाखवेल. बाजारातून फ्लोट आणण्याआधी जुन्याचा रोध मीटरवर मोजून घ्यावा. आणि नवी टाकी रबरावर बसलेली असल्याने तिला चासीशी जोडणारी अर्थिंगची तार वेगळी लागते, तशीच भरण्याच्या धातूच्या तोंडालाही. ती नसेल तर काटा नाचतो, आणि पेट्रोल भरताना साठणाऱ्या स्थिर विजेला जमिनीकडे वाट राहत नाही.

टाकी मागे आणि खाली गेली की इंजिनावरच्या जुन्या पंपाला लांबून ओढावं लागतं. ओढलेल्या नळीत दाब कमी होतो, तापलेलं पेट्रोल तिथेच उकळतं आणि नळीत बुडबुडा अडकतो. टाकीजवळ छोटा विद्युत पंप बसवला की हा प्रश्न मिटतो. तो कार्ब्युरेटरच्या मापाचा, ०.२ ते ०.३ बारचाच हवा, इंजेक्शनच्या गाडीचा नको. इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल असा ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच त्याच्या वायरिंगमध्ये हवा. १९५४ पर्यंतची शेव्हरोले सहा व्होल्टची आहे हेही दुकानदाराला आधी सांगावं.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. नोंदणीपत्रात इंधनाचा प्रकार असतो, टाकीचा आकार नसतो. पेट्रोलच्या जागी पेट्रोलचीच टाकी बसवणं आणि सीएनजी किट लावणं या म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीएनजीला नोंदणीपत्रात बदल लागतो आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा. तेव्हा चासीला नवी भोकं पाडू नका, जुन्या भोकांत बसतील असे क्लॅम्प करून घ्या, आणि भरण्याच्या तोंडासाठी हौद्याचा मूळ पत्रा कापू नका. वाशीच्या आरटीओत कागद नेण्याआधी जुन्या जागेचे आणि नव्या बसवणीचे फोटो काढून ठेवा.

पहिल्यांदा भरताना दहा लिटरच भरा. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा, बंद गॅरेजमध्ये नको. सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. मग टाकी पूर्ण भरा आणि तीच तपासणी पुन्हा करा. आणि जुनी टाकी भंगारवाल्याला देऊ नका. व्हीए नोंदणीच्या वेळी गाडी मूळ रूपात दाखवायची झाली तर तीच लागेल.